सोळाव्या पोळीला संपलेला पाठ

काकूंचा उजवा हात मनगटात मोडला आणि नंतर तो नीट बसलाच नाही, म्हणून मी त्यांच्याकडे पोळ्या करायला लागले. मिलचा संप होऊन दोन वर्षं झाली होती. मिलमधून परत बोलावणं येणार नाही हे आमच्या ह्यांनाही कळून चुकलं होतं आणि ते एका सोसायटीच्या गेटवर उभे राहायला लागले होते. आम्ही घाटकोपरला डोंगरावर राहायचो. काकूंचं घर पूल ओलांडून पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर.

घरात काकू, त्यांचे यजमान, मुलगा, सून आणि शाळेत जाणाऱ्या दोन नाती. यजमानांना मी आजोबा म्हणायचे, कारण नाती म्हणायच्या. आजोबा वैदिक होते. आठव्या वर्षापासून वडिलांसमोर बसून त्यांनी वेद पाठ केला होता. एवढं सगळं माणसाच्या डोक्यात मावतं हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. गावाला आमच्याकडे भटजी यायचे ते पोथी उघडून म्हणायचे. आजोबांच्या पुढे पोथी नसायची. पुस्तक कपाटात होतं, लाल फडक्यात बांधलेलं, आणि ते दसऱ्याला फुलं वाहण्यापुरतं बाहेर यायचं. पुस्तकात बघून म्हणणं त्यांच्या लोकांत फार हलकं समजतात.

पहिल्याच दिवशी काकूंनी मला सगळं समजावलं. देवाचा भात-वरण त्या सोवळ्यात, डाव्या हाताने स्वतः करणार. तिकडच्या भांड्यांना मी हात लावायचा नाही. पोळ्या मात्र माझ्या. "आणि चपाती म्हणू नकोस हो, ह्यांना चपाती म्हटलं की हॉटेलात बसल्यासारखं वाटतं," असं म्हणून त्या हसल्या. मीही हसले. मला लोकांच्या घरात बोलायला जमत नसे, पण हसायला जमायचं.

रोज बावीस पोळ्या. मी सकाळी जायचे तेव्हा आजोबा आंघोळ करून गॅलरीच्या दारापाशी लोकरीच्या आसनावर बसलेले असायचे. ओट्याशी उभं राहिलं की डाव्या खांद्यावरून ते मला पाठमोरे, थोडे तिरके दिसायचे. त्यांचा पाठ दोन वाट्यांचा. पहिला वाटा वाराप्रमाणे बदलायचा. तो चालू असताना मी भाजी चिरायचे आणि कणीक मळायचे. दुसरा वाटा रोज तोच. दर वर्षी गुरुपौर्णिमेला मुलुंडच्या एका देवळात सगळे जुने वैदिक जमून म्हणायचे तो हा वाटा, आणि तिथे पहिल्या आसनावर बसून सुरुवात करून द्यायचा मान आजोबांचा होता. तो वाटा सुरू झाला की मी तवा ठेवायचे.

मनगटावर घड्याळ नव्हतं माझ्या, आणि स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ बंदच असे. मग माझी पोळी त्या आवाजाबरोबर चालायला लागली. मला शब्द कळायचे नाहीत आणि कळून घ्यायला मी कान दिलाही नव्हता. आपण ते ऐकावं की नाही, हीच मला भीती होती. पण आवाज कुठे वर जातो, कुठे खाली बसतो, ते अंगात जाऊन बसलं. आणि हात. आजोबा नुसते तोंडाने म्हणत नसत, उजवा हात बरोबर चालायचा. खांद्यापाशी वर, मग छातीशी, मग बाजूला लांब. मध्येच बोटं मिटायची, करंगळी सुटायची. सहाव्या पोळीला ते घोटभर पाणी घ्यायचे. अकरावी तव्यावर टाकली की मूठ लागोपाठ तीनदा मिटायची आणि मग हात उजवीकडे इतका लांब जायचा की गॅलरीच्या दाराला लागेल असं वाटायचं. बाविसावी उतरली की तेही थांबायचे. जुळून यायचं ते. तीन वर्षं रोज जुळून येत होतं.

त्या वर्षी शिमग्याच्या आधी आजोबांना ताप आला. पंधरा दिवस अंथरुणात होते. पाठ बंद होता तेव्हा माझ्या पोळ्या जाड-बारीक व्हायच्या. सूनबाई एकदा म्हणाल्यासुद्धा, "अगं, आज नकाशे केलेस का?" उठल्यावर आजोबा पुन्हा आसनावर बसले. आवाज थोडा खोल गेला होता, पण तोच होता. मला बरं वाटलं.

पहिल्या दिवशी पाठ संपला तेव्हा सहा गोळे परातीत शिल्लक होते.

मला वाटलं, सवय मोडली म्हणून माझाच हात मंदावला. दुसऱ्या दिवशी भराभर लाटलं. तरी पाच उरले. तिसऱ्या दिवशी मी नेहमीसारखं केलं आणि मोजत राहिले. सोळावी पोळी तव्यावर, आणि आजोबा हात जोडून उठले. त्या दिवशी मला आणखी एक कळलं. अकराव्या पोळीला मूठ मिटली नव्हती. हात लांब गेला नव्हता. ती जागा आलीच नव्हती.

तीन महिने मी कोणाला बोलले नाही. रोज सहा गोळे उरत होते. घरी एकदा ह्यांना सांगितलं तर ते जेवता जेवता थांबले.

"म्हणजे त्यांचा चुकता, आणि ता तुका कळता?"

"चुकतं असं नाही. मधलं गळतं."

"चौथी शिकलंस तू. आता वेद तपासूक बसतलंस?" आणि मोठ्याने हसले. मग माझा चेहरा बघून म्हणाले, "काकूंका सांग गे. पुरुषमाणसाक नको सांगू."

काकूंना सांगायलाही मला आठ दिवस लागले. त्या शेंगा सोलत होत्या. मी भांडी पुसत पुसत, त्यांच्याकडे न बघता सांगितलं. काकूंचा हात थांबला.

"तुझा काही घोटाळा नाही ना?"

"नाही काकू. बावीस व्हायच्या, आता सोळा होतात."

"मला कसं नाही कळलं?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "अगं, पंचेचाळीस वर्षं ऐकतेय. पंखा फिरत असला की ऐकू येतो का आपल्याला? तसं झालंय माझं."

मी म्हटलं, तुम्ही सांगा त्यांना. काकूंनी शेंगांचं ताट बाजूला सरकवलं आणि हळू आवाजात सांगायला लागल्या. गुरुपौर्णिमा तीन आठवड्यांवर आली होती. देवळात सगळे म्हणत असताना एखादा चुकला तर बाकीचे तिथल्या तिथे चुटकी वाजवून थांबवतात. त्याला टोकणं म्हणतात. आजोबांना आयुष्यात कोणी टोकलेलं नव्हतं. आणि ते नेहमी सांगत आलेले, ज्या दिवशी मला टोकलं जाईल त्या दिवशी पहिलं आसन सोडीन.

"मग पुस्तक काढून बघायचं का?" मी विचारलं.

"त्यांच्यापुढे पुस्तक धरायचं? आणि धरणार कोण, मी?" काकू म्हणाल्या. "पंधरा दिवस जेवायचे नाहीत. नाही गं. तूच सांग."

"मी?"

"तू मोजल्यास ना? मग तूच."

मी दुसऱ्या दिवशी कामावर गेलेच नाही. डोकं दुखतंय म्हणून शेजारणीच्या मुलीकडून निरोप धाडला. डोकं खरंच दुखत होतं. दारात बसून मी नुसता विचार करत राहिले. नाही सांगितलं, तर देवळात चार लोकांसमोर चुटकी वाजणार आणि तो म्हातारा माणूस उठून उभा राहणार. सांगितलं, तर पोळ्या करणारी बाई वैदिकाला टोकणार. मी शाळा सोडली तेव्हासुद्धा बाईंना सांगायला गेले नव्हते. दप्तर घरी ठेवलं आणि संपलं.

तिसऱ्या दिवशी पाठ संपल्यावर मी ते सहा गोळे एका ताटलीत ठेवले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन आजोबांच्या समोर उभी राहिले. ते आसन गुंडाळत होते.

"हे काय?"

मी ताटली पुढे केली.

"अगं, काय आहे हे?"

"उरले."

"मग लाट की. मला काय दाखवतेस?"

"रोज उरतात, आजोबा. तुम्ही तापातून उठल्यापासून. आधी तुमच्या पाठात बावीस व्हायच्या. आता सोळा होतात."

आतून काकूंची चाहूलसुद्धा येत नव्हती. आजोबांनी गोळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तू उशिरा सुरू करत असशील."

"नाही."

"मग मी भराभर म्हणत असेन."

"नाही. अकराव्या पोळीची जागा येत नाही."

आजोबांनी आसन तसंच अर्धं गुंडाळलेलं खाली ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्या दिवशी ते जेवले, पण कोणाशी बोलले नाहीत. मी पोळ्या वाढताना त्यांनी हात आडवा धरला नाही आणि हो-नाहीही म्हटलं नाही. मी जायच्या वेळी काकू दारापर्यंत आल्या आणि माझ्या हातावर नारळाची वडी ठेवली. त्यांचे डोळे लाल होते.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा आजोबांनी आसन फिरवून घातलं होतं. आता त्यांचं तोंड ओट्याकडे होतं. मला लाज वाटून मी पदर नीट घेतला आणि खाली मान घालून लाटत राहिले. पाठ संपला. हात जोडायच्या आधी त्यांनी विचारलं, "किती?"

"सोळा."

ते अगदी हळू, जसं कोणी घरात किल्ली शोधताना बोलतं तसं म्हणाले, "कुठे गेलं मग?"

त्या आवाजाने माझी भीड गेली. मी गॅस बारीक केला, पदराला हात पुसले आणि दारात येऊन म्हटलं, "आजोबा, मला बोल ठाऊक नाहीत. हात ठाऊक आहे."

"कोणता हात?"

"तुमचा."

मी उंबऱ्याशी उभी राहिले आणि उजवा हात उचलला. पाण्यानंतरच्या पाचव्या पोळीला हात जसा चालायचा तसा चालवला. छातीशी, खांद्याशी, परत छातीशी. मग तीनदा मूठ मिटली आणि हात लांब नेला. खिडकीच्या उजेडात माझ्या नखांत अडकलेली कणीक मला दिसत होती. आजोबा डोळे बारीक करून बघत होते.

"पुन्हा."

मी पुन्हा केलं.

"अंगठा आत," ते एकदम म्हणाले. कडक आवाजात, मास्तरासारखे. "मूठ मिटताना अंगठा बाहेर राहतो का कधी? आत घे. हं. आता."

मी अंगठा आत घेऊन मूठ मिटली, आणि माझी मूठ मिटताना त्यांची मूठ मिटली. त्यांचे ओठ हलले. पहिला बोल आला. मग दुसरा. मग आवाज मोकळा झाला, हात दारापर्यंत लांब गेला आणि ते म्हणतच राहिले. थांबले नाहीत. डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं, पण हात पुसायला वर जात नव्हता, कारण तो हात पाठात होता. काकू स्वयंपाकघराच्या दुसऱ्या दारात डाव्या हाताने उजवं मनगट धरून उभ्या होत्या. तव्यावरची पोळी जळून काळी झाली आणि वास घरभर पसरला, तरी तिघांपैकी कोणी हललं नाही.

नंतर आजोबांनी मला समजावून सांगितलं. मी दारात बसले होते आणि ते समोर. म्हणाले, दोन ठिकाणी अगदी तेच चार शब्द येतात. पहिल्या जागेवर मन चुकलं तर ते दुसऱ्या जागी उडी घेतं आणि मधलं सगळं खाली पडतं. म्हणणाऱ्याला पत्ता लागत नाही, कारण पुढचं बरोबरच चालू असतं. "माझ्या वडिलांनी त्या जागी मला मांडीला चिमटा काढला होता. आठ-नऊ वर्षांचा असेन. म्हणाले, इथे वाट फुटते, नीट बघ. सत्तरीपर्यंत चिमटा पुरला. तापाने घालवला."

मी घाबरत विचारलं, "मी ऐकलं ते चाललं का?"

"तू काय करणार? ओटा तिथे, मी इथे. आता मी काय तोंड बांधून म्हणू?"

काकू आतून म्हणाल्या, "बांधा एक दिवस. आम्हालाही शांतता."

पण त्या दिवसापासून घरात दुसरीच काळजी शिरली. आजोबा रोज पाठ करत, बावीस पोळ्या होत, आणि पाठ संपला की गप्प बसत. काकूंनी एकदा माझ्यासमोरच विषय काढला.

"घरात झालं ते घरात. सभेत तर कोणी टोकलं नाही ना तुम्हाला?"

"टोकलं ते टोकलं."

"अहो, ती पोळीवाली पोर. तिने काय चुटकी वाजवली?"

"सहा गोळे आणून ठेवले समोर. चुटकी परवडली असती."

काकू हसल्या, ते हसले नाहीत. मला मात्र त्या दिवशी पोळी फुगवता आली नाही. देवळात चारचौघांत होणार होतं ते मी टाळलं खरं, पण आसन सोडायची वेळ त्यांच्यावर शेवटी मीच आणली होती. त्यांनी न सांगता तिथे जाऊन बसावं, कोणाला कळणार आहे, असं मला मनापासून वाटायचं. आणि ते तसं करणार नाहीत हेही दिसत होतं.

गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवशी पाठ संपल्यावर ते काकूंना म्हणाले, "उद्या हिलाही घेऊन चला."

मी नको नको म्हणत होते. माझ्याकडे जाण्यासारखं एकच लुगडं होतं. काकूंनी माझं ऐकलं नाही. आम्ही बसने मुलुंडला गेलो. आजोबा पुढच्या सीटवर, मांडीवर आसनाची गुंडाळी.

देवळाच्या सभागृहात आठ-दहा म्हातारे जमले होते. एका बाजूला बायका बसल्या होत्या. मी खांबामागे बसले, म्हणजे मला दिसेल पण मी कोणाला दिसणार नाही. सगळ्यांनी आसनं घातली. मधली, मूर्तीसमोरची, पहिल्या आसनाची जागा मोकळी ठेवली होती. एक जाडसर गृहस्थ म्हणाले, "या, बसा. तुमच्याशिवाय सुरुवात कशी व्हायची?"

आजोबा उभे राहिले. आपली गुंडाळी त्यांनी छातीशी धरली होती.

"मी बाजूला बसतो," ते म्हणाले. "या वर्षी मला टोकलं गेलं आहे."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "कोणी टोकलं? कुठे?" जाडसर गृहस्थांनी विचारलं. "आम्ही तर आजच भेटतोय."

मी खांबामागे आणखी सरकले. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"आमच्या घरात," आजोबा म्हणाले. "आमच्या घरात लक्ष असतं."

एवढंच. खांबाकडे बघितलंही नाही. मग कडेला जाऊन त्यांनी आसन पसरलं आणि बसले. मधल्या जागेवर दुसरे एक गृहस्थ बसले, थोडे अवघडून, आणि पाठ सुरू झाला.

दहा आवाज एकदम निघाले. इतक्या आवाजांत आजोबांचा वेगळा ओळखू येतो की नाही याची मला भीती होती. पण आला. मला राहवेना. मी मांडीवर पदर ओढून घेतला आणि पदराखाली पोळ्या लाटायला सुरुवात केली. गोळा घेतला, लाटला, टाकला, उलटला. सहावी झाली. तिथे पाणी कोणाकडेच नव्हतं. दहावी. अकरावी टाकली आणि मी डोळे वर केले. दहाही मुठी मिटल्या. एकदा, दोनदा, तीनदा. आणि दहाही हात उजवीकडे लांब गेले, कडेचा हात सगळ्यांत लांब. कुठेही चुटकी वाजली नाही.

काकू माझ्या मांडीकडे बघत होत्या. "काय करतेस गं?" त्या कुजबुजल्या.

"मोजते."

"मोज," त्या म्हणाल्या, आणि माझं मनगट सोडलं, म्हणजे मला लाटता येईल.

परतताना बसमध्ये गर्दी नव्हती. आजोबा आमच्या मागच्या सीटवर बसले. भांडुप गेलं, कांजूर गेलं. मला वाटलं त्यांना झोप लागली असेल. मग मागून आवाज आला.

"किती झाल्या?"

मी मागे वळले नाही. "बावीस."

"हं." बस एका स्टॉपवर थांबून सुटली. "कडेला बसलं की वारा छान लागतो गं. इतकी वर्षं मधे बसून माहीतच नव्हतं."

काकूंनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. मीही.

"आणि उद्या," आजोबा म्हणाले, "कणीक जरा सैल मळ. परवापासून दातांना लागतेय."